स्पॅनिंग ट्री सुरू असूनही नेटवर्कमध्ये लूप का होतो, आणि तो कसा रोखावा

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. महाविद्यालयाच्या तीन इमारतींत मिळून १४ मॅनेज्ड (ज्यांचे सेटिंग बदलता येते असे) स्विच आहेत. प्रत्येक इमारतीतून दोन्ही कोअर (मध्यवर्ती) स्विचकडे एकेक फायबर जाते. प्रयोगशाळा आणि प्राध्यापकांच्या खोल्यांमध्ये आठ पोर्टचे साधे, अनमॅनेज्ड स्विच जागोजागी ठेवलेले आहेत. दोन-तीन आठवड्यांतून एकदा सगळे नेटवर्क एकाएकी बंद पडते, सर्व स्विचचे दिवे एकाच वेळी अखंड लुकलुकू लागतात, आणि एखादा स्विच बंद करून पुन्हा सुरू केला की सर्व सुरळीत होते. सगळ्या मॅनेज्ड स्विचवर स्पॅनिंग ट्री, म्हणजे लूप (जोडण्यांचे वर्तुळ) रोखणारा प्रोटोकॉल, सुरू असताना लूप होतोच कसा आणि त्याचा कायमचा बंदोबस्त काय, हे आपण विचारले आहे.

लक्षणांवरून हा लूपच आहे याविषयी मला शंका वाटत नाही. मात्र उत्तर देण्यापूर्वी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी लागेल, कारण पुढचे सगळे उपाय तिच्यावर उभे आहेत. स्पॅनिंग ट्री मौनाला संमती मानते. एखाद्या पोर्टवर पलीकडून बीपीडीयू, म्हणजे स्विचनी एकमेकांना पाठवलेले नियंत्रण-संदेश, ऐकू येत असतील, तरच तिथे दुसरा स्विच आहे आणि दुसरा मार्ग असू शकतो हे तिला कळते. जिथे काहीच ऐकू येत नाही तिथे धोका नाही असे समजून ती पोर्ट खुला करते. आपल्याकडे घडत असलेला प्रकार याच गृहीतकातून निर्माण होत असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे.

आधी लूप इतका विध्वंसक का असतो ते पाहू. आयपी पॅकेटमध्ये टीटीएल नावाचा आकडा असतो, प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि शून्यावर आला की पॅकेट नष्ट होते. त्यामुळे राउटिंगमध्ये लूप झाला तरी प्रत्येक पॅकेटचे आयुष्य मर्यादित राहते. इथरनेट फ्रेममध्ये, म्हणजे स्विच पुढे पाठवतात त्या माहितीच्या तुकड्यात, असा कोणताही आकडा नाही. लूपमध्ये शिरलेली ब्रॉडकास्ट (सर्वांसाठी पाठवलेली) फ्रेम आपण होऊन कधीच संपत नाही, उलट प्रत्येक स्विच ती आलेला पोर्ट सोडून बाकी सर्व पोर्टवर पाठवत असल्याने तिच्या प्रती वाढतच जातात. एक गिगाबिटच्या दुव्यावर सर्वांत लहान, म्हणजे ६४ बाइटच्या, फ्रेम सेकंदाला जास्तीत जास्त १४,८८,०९५ इतक्या मावतात, आणि एआरपीची, म्हणजे आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता (उपकरणाचा हार्डवेअर पत्ता) विचारणारी, एकच विनंती लूपमध्ये अडकली तर दुवा या मर्यादेजवळ पोहोचायला फार वेळ लागत नाही. एआरपी ब्रॉडकास्ट असल्याने प्रत्येक संगणकाला, प्रिंटरला, कॅमेऱ्याला आणि स्विचच्या स्वतःच्या प्रोसेसरलाही ती फ्रेम उघडून पाहावी लागते. म्हणूनच लूप एका प्रयोगशाळेत झाला तरी त्या व्हीलॅनमधले (स्विचवर आखलेल्या त्या नेटवर्क-विभागातले) सगळे जण थांबतात. शिवाय एकाच उपकरणाचा मॅक पत्ता कधी या पोर्टवरून तर कधी त्या पोर्टवरून येताना दिसल्यामुळे स्विचची मॅक टेबल (कोणता पत्ता कोणत्या पोर्टवर आहे याची यादी) सतत बदलत राहते आणि नेहमीची रहदारीही चुकीच्या दिशेला जाते. सर्वांत वाईट भाग असा की, प्रोसेसर या माऱ्याखाली दबला तर बीपीडीयू वेळेवर पाठवले किंवा वाचले जात नाहीत, आणि लूप तोडण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो प्रोटोकॉलच लूपमुळे कोलमडतो.

या समस्येवरचा उपाय रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करताना शोधला आणि तो पुढे १९९० मध्ये आयईईई ८०२.१डी या मानकात आला. कल्पना सुंदर आहे: केबलचे जाळे कसेही असले तरी स्विच आपापसांत बोलून त्यातून एकही वर्तुळ नसलेले झाड निवडतात आणि उरलेले दुवे राखीव म्हणून अडवून ठेवतात. ज्याचा ब्रिज आयडी (प्रायॉरिटी आणि मॅक पत्ता मिळून बनलेली ओळख) सर्वांत लहान तो रूट, म्हणजे झाडाचे मूळ, होतो. बाकी प्रत्येक स्विच रूटकडे जाण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग रूट पोर्ट म्हणून निवडतो, प्रत्येक दुव्यावर एकच डेझिग्नेटेड (त्या दुव्याला रूटशी जोडणारा) पोर्ट राहतो, आणि जे पोर्ट या दोन्हींत बसत नाहीत ते बंद ठेवले जातात. मूळ प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे एसटीपीत, हॅलो (दोन बीपीडीयूंमधले अंतर) २ सेकंदांचा, मॅक्स एज (जुनी माहिती धरून ठेवण्याची मुदत) २० सेकंदांचा आणि फॉरवर्ड डिले (पोर्ट उघडण्याआधीच्या प्रत्येक टप्प्यातली प्रतीक्षा) १५ सेकंदांचा असतो, त्यामुळे बदल झाल्यावर नवे झाड उभे राहायला ३० ते ५० सेकंद लागतात. २००१ च्या ८०२.१डब्ल्यू, म्हणजे आरएसटीपीमध्ये, हे काम सहसा एक-दोन सेकंदांत किंवा त्याहून लवकर होते. आपल्या स्विचवर अजून जुनाच प्रकार चालू असेल तर तो आधी बदलावा. २००४ च्या ८०२.१डी आवृत्तीतून मूळ एसटीपी काढून टाकून तिथे आरएसटीपीच ठेवले गेले, आणि आज तो जुना प्रकार नव्याने वापरण्याचे काहीच कारण उरलेले नाही.

आता आपल्या तपशिलाकडे येतो, कारण त्यात एक महत्त्वाचा धागा आहे. स्विच बंद-सुरू केल्यावर नेटवर्क दोन-तीन आठवडे नीट चालते, असे आपण लिहिले आहे. केबलचा लूप कायम जागेवर असता तर स्विच सुरू झाल्यावर येणाऱ्या पहिल्याच ब्रॉडकास्टने पुन्हा तेच व्हायला हवे होते. म्हणजे लूप कायमचा नाही, तो अधूनमधून बनतो. त्याची कारणे दोनच संभवतात. एक तर कोणीतरी अधूनमधून केबल चुकीची जोडते आणि गोंधळ झाल्यावर काढते, किंवा केबल सगळ्या बरोबर आहेत पण अडवलेला एखादा राखीव पोर्ट कधीकधी बीपीडीयू न मिळाल्यामुळे स्वतःहून उघडतो. पहिल्या प्रकारात घटना परीक्षा, कार्यशाळा किंवा फर्निचर हलवण्याच्या दिवसांशी जुळतात. दुसऱ्या प्रकारात त्या कोणत्याही वेळी, रात्रीसुद्धा, घडतात आणि बहुधा प्रत्येक वेळी त्याच एका स्विचला हात लावल्यावर थांबतात. मागच्या चार-पाच घटनांच्या तारखा, वेळा आणि कोणता स्विच बंद-सुरू केला होता हे कागदावर मांडून पाहा. माझ्या अनुभवात तपास इथूनच अर्धा होतो.

याच ठिकाणी एक विनंती करतो. स्विच बंद-सुरू करण्याची सवय आधी सोडावी. बऱ्याच स्विचमधला लॉग मेमरीत असतो आणि वीज जाताच पुसला जातो, म्हणजे प्रत्येक वेळी आपण आपल्याच हाताने पुरावा नष्ट करत आहात. एखाद्या जुन्या संगणकावर सिसलॉग (लॉग गोळा करणारा) सर्व्हर उभा करून सगळ्या स्विचचे लॉग तिकडे पाठवावेत आणि सर्वांची घड्याळे एनटीपीने जुळवावीत. पुढच्या घटनेनंतर मॅक पत्ता दोन पोर्टमध्ये हेलकावे खात असल्याच्या नोंदी शोधा. त्या दोन पोर्टपैकी एकाच्या पलीकडे लूप असतो. तसेच स्पॅनिंग ट्रीच्या तपशिलात शेवटचा टोपॉलॉजी चेंज (झाडाच्या रचनेत बदल झाल्याची सूचना) कधी आणि कोणत्या पोर्टवरून आला हे दिसते. त्या पोर्टमागून त्या पोर्टमागे जात राहिले तर आपण उगमापर्यंत पोहोचता.

पहिल्या शक्यतेचा, म्हणजे टोकाच्या केबलचा, विचार आधी करू, कारण तो जास्त वेळा खरा ठरतो. प्राध्यापकांच्या खोलीत टेबलाखाली असलेल्या आठ पोर्टच्या स्विचवर एक पॅच कॉर्ड मोकळी लोंबत असते. साफसफाई करणारी व्यक्ती किंवा नवा लॅपटॉप आणणारी व्यक्ती ती सुटलेली केबल आहे असे समजून सद्भावनेने त्याच स्विचच्या दुसऱ्या पोर्टमध्ये खोचते. किंवा भिंतीवरच्या दोन्ही आयओ बॉक्समधून (नेटवर्क सॉकेटमधून) केबल काढून तो स्विच दोन्हीकडून जोडला जातो. आयपी फोनमध्येही आत एक छोटा स्विच असतो, आणि त्याचे दोन्ही पोर्ट भिंतीला जोडले की हेच घडते. आता प्रश्न असा की मॅनेज्ड स्विचला हे कळते का. मानकानुसार बीपीडीयू ज्या गट-पत्त्यावर जातात ते पत्ते कोणत्याही स्विचने पुढे पाठवू नयेत अशी अपेक्षा आहे. पण स्वस्त अनमॅनेज्ड स्विचचे वर्तन सारखे नसते: काही बीपीडीयू सामान्य मल्टिकास्टप्रमाणे सगळीकडे पाठवतात, काही गिळून टाकतात. पहिल्या जातीचा असेल तर मॅनेज्ड पोर्टने पाठवलेला बीपीडीयू फिरून त्याच पोर्टवर परत येतो आणि पोर्ट बंद करता येतो. दुसऱ्या जातीचा असेल तर आपल्या स्विचला पलीकडे पूर्ण शांतता दिसते, आणि शांततेला संमती मानणारी स्पॅनिंग ट्री तो पोर्ट आनंदाने खुला ठेवते. आपण सर्व मॅनेज्ड स्विचवर स्पॅनिंग ट्री सुरू केली आहे हे खरे असूनही नेटवर्क बंद पडते, त्याचे हे एक अगदी साधे स्पष्टीकरण आहे.

म्हणून टोकाच्या प्रत्येक पोर्टवर तीन थर हवेत, कारण कोणताही एक पुरेसा नाही. पहिला म्हणजे एज पोर्टचे सेटिंग (पलीकडे स्विच नाही, संगणकासारखे टोकाचे उपकरण आहे असे सांगणारे) आणि त्यासोबत बीपीडीयू गार्ड. एज पोर्ट जाहीर केल्याने संगणक सुरू होताच लगेच जोडला जातो, ३० सेकंद थांबावे लागत नाही आणि डीएचसीपीचा (आपोआप दिला जाणारा आयपी) पत्ता न मिळाल्याची तक्रार येत नाही. त्याहून कमी लोकांच्या लक्षात येणारा फायदा असा की, एज पोर्ट चालू-बंद झाल्यावर टोपॉलॉजी चेंज पसरवला जात नाही. एज न केलेल्या पोर्टवर सकाळी साठ संगणक सुरू झाले की तितक्या वेळा सगळ्या स्विचच्या मॅक टेबल झटकल्या जातात आणि काही काळ प्रत्येक फ्रेम सगळीकडे पसरते. बीपीडीयू गार्ड असलेल्या पोर्टवर एक जरी बीपीडीयू आला तरी पोर्ट बंद होतो. काही ठिकाणी पोर्ट बंद पडतो म्हणून त्रासून बीपीडीयू फिल्टर लावलेला मी पाहिला आहे. कृपया तसे करू नका. नावे सारखी वाटली तरी गार्ड धोका दिसताच दार लावतो आणि फिल्टर पहारेकऱ्याचे कान बंद करतो.

दुसरा थर लूप डिटेक्शनचा. यात स्विच स्वतःची एक वेगळी ओळख-फ्रेम ठरावीक अंतराने पाठवतो आणि ती परत आली तर पोर्ट बंद करतो. ही फ्रेम बीपीडीयूच्या राखीव पत्त्यावर जात नसेल, तर बीपीडीयू गिळणारा स्विचही तिला पुढे सोडतो, आणि म्हणून स्पॅनिंग ट्रीला जे ऐकू येत नाही ते इथे ऐकू येते. सुविधेचे नाव कंपनीगणिक बदलते, काही स्विचवर ती मुळात नसते, आणि असली तरी आधीपासून सुरू असेलच असे नाही. ती आपल्या प्रत्येक मॉडेलवर आहे का ते तपासून पाहावे.

तिसरा थर स्टॉर्म कंट्रोलचा. तो लूप ओळखत नाही, फक्त ब्रॉडकास्टचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की अडवतो. टक्केवारीत मर्यादा देताना एक हिशेब लक्षात ठेवावा: गिगाबिट पोर्टवर १ टक्का म्हणजे १० मेगाबिट, आणि तेवढ्यात सेकंदाला जवळजवळ १५ हजार लहान फ्रेम बसतात. एका संगणकाच्या पोर्टसाठी हे प्रमाण प्रचंड आहे. स्विचवर सेकंदाला किती फ्रेम अशी मर्यादा देता येत असेल तर तीच द्यावी, आणि आकडा माझ्याकडून किंवा इतर कोणाकडून न घेता आपल्याच पोर्टवर आठवडाभर मोजून ठरवावा. टोकाच्या पोर्टवर मर्यादा ओलांडल्यास पोर्ट बंद व्हावा आणि अपलिंकवर (कोअरकडे जाणाऱ्या दुव्यावर) मात्र फक्त सूचना यावी, असे माझे मत आहे. अपलिंक आपोआप बंद झाली तर एका खोलीच्या चुकीची शिक्षा सगळ्या इमारतीला होते.

बंद झालेला पोर्ट आपोआप सुरू व्हावा का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पुष्कळ स्विचवर ३०० सेकंदांनंतर पुन्हा प्रयत्न करण्याची सोय असते. पहिले काही महिने ती बंद ठेवावी. ज्याचा पोर्ट बंद पडला तो माणूस आपल्याकडे येतो, आपण त्याच्या टेबलाखाली जाऊन पाहता, आणि कुठे काय जोडले गेले आहे हे आपल्याला प्रथमच कळते. एकदा सगळी ठिकाणे माहीत झाली की सोय सुरू करायला हरकत नाही.

आता दुसरी शक्यता, जी मला व्यक्तिशः जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती दिसत नाही. इमारतीतून दोन्ही कोअरकडे जाणाऱ्या दोन फायबरपैकी एकीचा पोर्ट अडवलेला असतो. तो अडलेला राहतो तो केवळ पलीकडून दर २ सेकंदांनी बीपीडीयू येत असल्यामुळे. फायबरच्या जोडीत दोन धागे असतात, एक जाण्याचा आणि एक येण्याचा. येणारा धागा धुळीने किंवा वाकल्यामुळे खराब झाला, जाणारा शाबूत राहिला आणि दुवाही वरवर चालू दिसत राहिला, तर अडलेल्या पोर्टला बीपीडीयू मिळेनासे होतात. जुन्या एसटीपीत तो २० सेकंद वाट पाहतो, आरएसटीपीत तीन हॅलो म्हणजे ६ सेकंद, आणि मग पलीकडे कोणी नाही असे ठरवून उघडू लागतो. तांब्याच्या केबलवर डुप्लेक्स जुळले नाही तरी हाच परिणाम होतो. एक टोक फुल (एकाच वेळी दोन्ही दिशांनी बोलणारे) आणि दुसरे हाफ (एका वेळी एकाच दिशेने बोलणारे) असले की हाफ बाजूच्या फ्रेम टकरींमध्ये वाया जातात आणि रहदारी वाढताच त्यांत बीपीडीयूही सापडतात. म्हणून प्रत्येक अपलिंकवरचे सीआरसी त्रुटी (खराब झालेल्या फ्रेम) आणि लेट कोलिजनचे (उशिरा झालेल्या टकरींचे) आकडे आजच पाहावेत, आणि दोन्ही टोकांना वेग व डुप्लेक्स ऑटोवरच ठेवावे. एका टोकाला हाताने ठरवणे आणि दुसरे ऑटोवर सोडणे हा या दोषाचा नेहमीचा उगम आहे.

यावर दोन उपाय आहेत. फायबरच्या दुव्यांवर यूडीएलडी किंवा आपल्या कंपनीची तत्सम सुविधा लावावी; ती दुवा एकाच दिशेने चालू आहे हे ओळखून तो बंद करते. आणि इमारतींतल्या स्विचच्या अपलिंक पोर्टवर लूप गार्ड लावावे. जिथे आधी बीपीडीयू येत होते तिथे ते थांबले तर लूप गार्ड पोर्ट उघडू देत नाही. मौनाला संमती मानण्याची स्पॅनिंग ट्रीची मूळ सवय त्या पोर्टपुरती उलटवणारे हे सेटिंग आहे, आणि ते न लावलेली दुहेरी फायबरची रचना मला कधीच पूर्ण वाटत नाही.

आता रूटविषयी. आपल्या पत्रात रूट कोणता स्विच आहे याचा उल्लेख नाही, त्यावरून तो ठरवलेला नसावा असे वाटते. प्रत्येक स्विचची प्रायॉरिटी मुळात ३२७६८ असते. सगळ्यांची सारखी असली की सर्वांत लहान मॅक पत्त्याचा स्विच रूट होतो, आणि एकाच कंपनीच्या स्विचमध्ये तो बहुधा सर्वांत जुना स्विच असतो. एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी तपासणीला गेलो होतो तेव्हा वसतिगृहाच्या जिन्याखालचा १०० मेगाबिटचा एक जुना स्विच अख्ख्या संस्थेचा रूट झालेला होता. त्यामुळे कोअरजवळचे वेगवान दुवे अडवले गेले होते आणि वसतिगृहातली वीज गेली की ग्रंथालयाचे नेटवर्क अडखळत होते. पहिल्या कोअरला ४०९६ आणि दुसऱ्याला ८१९२ प्रायॉरिटी द्यावी. ती ४०९६ च्या पटीतच देता येते. इमारतींकडे जाणाऱ्या कोअरच्या पोर्टवर रूट गार्ड (पलीकडून कोणी रूट होऊ पाहिले तर पोर्ट अडवणारे सेटिंग) लावावे, मात्र दोन कोअरना जोडणाऱ्या दुव्यावर ते लावू नये, नाहीतर पहिल्या कोअरचे बीपीडीयू मिळताच दुसरा कोअर तो दुवाच अडवून ठेवेल.

प्रयोगशाळांमध्ये एका स्विचमागे दुसरा अशी साखळी वाढत गेली असेल तर तीही मोजा. स्पॅनिंग ट्रीचे मूळ कालावधी असे गृहीत धरून ठरवले आहेत की नेटवर्कच्या कोणत्याही दोन टोकांमध्ये सातपेक्षा जास्त स्विच नसावेत. ही मर्यादा ओलांडल्यावर काय होऊ शकते याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटरचे आहे. नोव्हेंबर २००२ मध्ये तिथले नेटवर्क सुमारे चार दिवस वारंवार कोलमडत राहिले आणि रुग्णालयाला कागदी कामकाजावर परतावे लागले. वर्षानुवर्षे तुकड्यातुकड्यांनी वाढलेली स्विचची रचना स्पॅनिंग ट्रीच्या मर्यादेपलीकडे गेली होती. तेव्हाचे तिथले माहिती-तंत्रज्ञान प्रमुख जॉन हलाम्का यांनी हा सगळा प्रकार उघडपणे मांडला, आणि त्याबद्दल या व्यवसायातल्या प्रत्येकाने त्यांचे ऋणी असावे असे मला वाटते, कारण अशा घटना संस्था सहसा झाकून ठेवतात.

आपले दोन्ही कोअर स्टॅक होत (मिळून एकच स्विच म्हणून चालत) असतील किंवा दोन पेट्यांवर मिळून एक एलएसीपी (अनेक दुवे एकत्र बांधणाऱ्या प्रोटोकॉलचा) गट बांधण्याची सोय त्यांच्यात असेल, तर प्रत्येक इमारतीच्या दोन फायबरचा एकच तार्किक दुवा करावा. मग अडवलेला पोर्टच उरत नाही आणि दोन्ही फायबर कामाला येतात. गट बांधताना दोन्ही बाजूंना एलएसीपीच वापरावे. प्रोटोकॉलशिवाय जबरदस्तीने बांधलेला गट एका बाजूला आणि सुटे पोर्ट दुसऱ्या बाजूला, असे झाले तर त्यातूनच लूप बनतो. हे सगळे केल्यावरही स्पॅनिंग ट्री बंद करू नये. टोकाच्या चुकांसाठी ती लागतेच.

पुढची घटना हे काम पूर्ण होण्याआधी घडली तर काय करावे, तेही सांगतो. नेटवर्कवरून स्विचमध्ये शिरता येणार नाही, म्हणून कन्सोल केबल (स्विचला थेट जोडण्याची) आणि लॅपटॉप कोअरच्या रॅकजवळच ठेवावेत. कोअरवर इमारतींची राखीव फायबर एकेक करून काढावी आणि प्रत्येक वेळी अर्धा मिनिट दिवे पाहावेत. एखादी राखीव फायबर काढताच शांतता झाली तर दोष दुसऱ्या शक्यतेचा आहे आणि तीच फायबर तपासायची आहे. सगळ्या राखीव फायबर काढूनही वादळ चालू राहिले, तर मुख्य फायबर एकेक करून काढावी. जिच्यामुळे शांत होते त्या इमारतीत, टोकाला लूप आहे. तिथे पुन्हा हीच पद्धत स्विचनिहाय आणि मग पोर्टनिहाय वापरावी.

सेटिंग पूर्ण झाल्यावर सुट्टीच्या दिवशी, प्राचार्यांची परवानगी घेऊन, चाचणी अवश्य करावी. आपल्याकडच्या अनमॅनेज्ड स्विचचा प्रत्येक प्रकार एकेक करून मॅनेज्ड पोर्टला जोडा, त्याच्या दोन पोर्टमध्ये एकच पॅच कॉर्ड खोचा आणि मॅनेज्ड पोर्ट किती सेकंदांत बंद होतो, कोणत्या कारणाने बंद झाल्याची नोंद लॉगमध्ये येते, हे लिहून ठेवा. नोंद बीपीडीयू गार्डची असेल तर तो स्विच बीपीडीयू पुढे सोडणारा आहे, लूप डिटेक्शनची असेल तर बहुधा गिळणारा. ज्या मॉडेलवर फक्त स्टॉर्म कंट्रोलनेच पोर्ट बंद होतो ते बाजूला काढा आणि पुढच्या खरेदीत त्यांच्या जागी छोटे मॅनेज्ड स्विच मागवा.